कारखान्यात वाढलेली कला : कोल्हापूरच्या चित्र-शिल्पपरंपरेचा आढावा

कोल्हापुरात शिल्पकाराचं काम पाहायला तिकीट काढावं लागत नाही. शिवाजी चौकातला शिवछत्रपतींचा पुतळा बाबूराव पेंटरांनी घडवला. कावळा नाक्याला घोड्यावर स्वार झालेली महाराणी ताराराणी ही त्यांचे चिरंजीव रवींद्र मेस्त्री यांची. घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे आणि एवढ्या मोठ्या शिल्पाचा तोल तेवढ्यावर पेललेला आहे. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे शेजारीशेजारी आहेत. ते ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असताना उभे राहिले. त्यामागे धडपड होती भाई माधवराव बागलांची. बागल लोकांना ठाऊक आहेत ते प्रजा परिषदेचे पुढारी म्हणून. पण ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकारही होते.

शिवाजी चौकातल्या पुतळ्याची कथा सांगण्यासारखी आहे. त्या जागी आधी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. छोडो भारत चळवळीच्या दिवसांत जयाबाई हवीरे आणि भागीरथीबाई तांबट या दोन धाडसी स्त्रियांनी तो विद्रूप केला. पुढे १९४५ मध्ये तिथे शिवाजी महाराज आले. या कामात चित्रपट-दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा पुढाकार होता आणि हात बाबूरावांचे. परक्या सत्तेचा पुतळा उतरला आणि त्या जागी बसवायच्या मूर्तीसाठी गावाबाहेरून कुणाला बोलवावं लागलं नाही, ही गोष्ट या शहराबद्दल बरंच काही सांगते.

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणण्याची रीत जुनी आहे. भाषणांत, स्मरणिकांत, स्वागतकमानींवर हे बिरुद सर्रास येतं. त्यात इतिहास किती आणि अभिमान किती, हे पाहू लागलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. इथली दृश्यकला प्रदर्शनाच्या दालनात वाढली नाही. ती वाढली नाटकाच्या पडद्यांवर, सुताराच्या पटाशीखाली, सिनेमाच्या स्टुडिओत, शाडूच्या आणि ब्राँझच्या कारखान्यात. तिची ताकद तिथून आली आणि तिचं नुकसानही तिथूनच झालं.

सुरुवात अर्थातच दरबारापासून. राजर्षी शाहू महाराजांची (१८७४–१९२२) कारकीर्द म्हटलं की १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम आठवतो, वसतिगृहं आठवतात, राधानगरीचं धरण आठवतं. त्याच राजाने खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर बांधलं. उस्ताद अल्लादियाँ खाँ दरबारी गायक म्हणून इथेच स्थिरावले आणि जयपूर-अत्रौली गायकी दक्षिणेत रुजली. चित्रकलेच्या बाजूने महाराजांच्या पदरी होते आबालाल रहिमान.

आबालाल हे कोल्हापूरच्या चित्रकलेचे मूळपुरुष. जन्म गडहिंग्लजचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, मृत्यू १९३१. जे. जे. मध्ये त्यांचं शिक्षण झालं आणि तिथे त्यांच्या हाताचं कौतुक झालं. मुंबईत राहिले असते तर व्यक्तिचित्रांच्या धंद्यात त्यांनी नाव आणि पैसा दोन्ही मिळवलं असतं. ते कोल्हापूरला परतले आणि कोटीतीर्थाच्या काठी फकिरी वृत्तीने राहू लागले. इंग्रजी शाळेने शिकवलेलं यथार्थदर्शन त्यांनी आत्मसात केलं होतंच; पण रंकाळा, पंचगंगा, घाटावरची देवळं, शेतं, सकाळचं धुकं या विषयांकडे ते वळले तेव्हा त्यांच्या जलरंगात आणि तैलरंगात उजेडाला वेगळंच महत्त्व आलं. रंकाळ्यातल्या संध्यामठाचं त्यांनी केलेलं चित्र आजही कोल्हापूरच्या निसर्गचित्रकारांच्या बोलण्यात येतं. पावसाळ्यात अर्धाअधिक पाण्याखाली जाणारी ती दगडी वास्तू त्यानंतर किती जणांनी रंगवली असेल याला हिशोब नाही. प्रत्येकाला आबालालांच्या चित्राशी झुंजावं लागतं.

त्यांनी हजारो चित्रं केली असं सांगतात. शाहू महाराज गेल्यावर दुःखावेगात त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, अशीही कथा आहे. कथा म्हणून ती हृद्य आहे आणि ती सांगताना कोल्हापूरकरांचा आवाज आजही कातर होतो. पण तिच्यामुळे एक सोय झाली आहे: चित्रं गेली कुठे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आबालालांची जी थोडी चित्रं आज पाहायला मिळतात ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात, जे. जे. च्या संग्रहात आणि काही घराण्यांकडे आहेत. एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या कामाची छायाचित्रांसह संपूर्ण सूची सामान्य वाचकाला हाती घेता येत नाही. तळ्याने गिळलं असेल ते असेल. बाकीच्याचं काय झालं, हे शोधणं अजून आपल्या हातात आहे.

आबालाल एकांडे होते. त्यांच्यानंतर आलेले मेस्त्री बंधू अगदी उलट. आनंदराव आणि बाबूराव हे चुलत भाऊ कारागिरांच्या घरात वाढले. सुतारकाम, कोरीवकाम, धातूकाम ही घरची विद्या. कलाशाळेचं तोंड बाबूरावांनी पाहिलं नाही. दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या कंपन्यांच्या रंगभूमीवर त्यांनी महाल, उपवनं, रस्ते असे उभे केले की प्रेक्षक पडदा उघडताच टाळ्या देत. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं.

पडदा रंगवणं ही कसून परीक्षा घेणारी शाळा होती. वीस-पंचवीस फुटांच्या कापडावर यथार्थदर्शन चुकलं तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. दिव्यांच्या उजेडात रंग कसा दिसेल ते दिवसा रंगवतानाच ओळखावं लागतं. पात्र कुठे उभं राहणार, त्याच्या कपड्याचा रंग मागच्या भिंतीत विरून जाणार नाही ना, हेही चित्रकारानेच पाहायचं. पुढे सिनेमाला जे जे लागलं ते या मंडळींना पडद्यांनी आधीच शिकवलेलं होतं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि आनंदरावांना सिनेमाच्या वेडाने झपाटलं. विकत घेण्याइतका पैसा नव्हता म्हणून त्यांनी कॅमेराच बनवायचं ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन तो कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या पैशावर. त्या काळी अशा वेडाला सावकाराने दारात उभं केलं नसतं. एका गाणाऱ्या बाईने आपली पुंजी लावली. कोल्हापूरच्या सिनेमाच्या इतिहासात तानीबाईंचं नाव तळटीपेत टाकलं जातं, ते पहिल्या पानावर असायला हवं.

‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या होत्या. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये नारायण हरी आपट्यांची कथा होती आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. देवादिकांच्या आणि मावळ्यांच्या चित्रपटांच्या गर्दीत एक साधा शेतकरी जमीन गमावून शहरात जातो, ही गोष्ट सांगायचं धाडस करणारा माणूस मुळात चित्रकार होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. चित्रीकरणाआधी दृश्यांची रेखाटनं करणं, रंगवलेल्या सपाट पडद्याऐवजी घडीव नेपथ्य उभं करणं, वेशभूषेचा रंग काळ्या-पांढऱ्या फिल्मवर कसा उतरेल याचा आधी विचार करणं, या सवयी त्यांनी आपल्या कंपनीत रुजवल्या.

आणि पोस्टर. चित्रपटाची जाहिरात तोवर मजकुराच्या पत्रकांनी व्हायची. बाबूरावांनी स्वतः चित्रं काढून रंगीत पोस्टरं छापून घेतली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे भारतात टिकून राहिलेल्या सचित्र चित्रपट-पोस्टरांमध्ये सर्वांत जुनं मानलं जातं. मुंबईच्या रस्त्यांवर पुढे सहा-सात दशकं जी हाताने रंगवलेली बॅनर-संस्कृती बहरली, तिचा एक उगम कोल्हापूरच्या या कारखान्यात आहे.

त्या कारखान्यातून माणसं बाहेर पडली तीही अशीच, एकाहून अधिक कामांत हात बसलेली. दामले यंत्रात आणि ध्वनीत वाकबगार झाले. साहेबमामा फत्तेलाल मुळात चित्रकार. त्यांनी नेपथ्याला वास्तूचं वजन दिलं. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्ण्यांच्या आर्थिक साथीने १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) इथेच तयार झाला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि कोल्हापूरने आपली सर्वांत हुशार माणसं एकदम गमावली. ‘संत तुकाराम’मधली साधी, मातीतली दृश्यरचना पुण्यात चित्रित झाली तरी तिच्यामागची नजर कोल्हापुरात तयार झाली होती.

प्रभात गेल्यावरही स्टुडिओ बंद पडले नाहीत. कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ यांनी पुढची काही दशकं शेकडो हातांना काम दिलं. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. बाबूराव स्वतः मात्र या धंद्यातून हळूहळू बाजूला झाले आणि रंग व माती यांच्याकडे परतले. त्यांच्या तैलचित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वती, त्यांची व्यक्तिचित्रं यांत एक मऊ, धुकट उजेड आहे. आकाराच्या कडा कुठे संपतात ते बोट ठेवून दाखवता येत नाही. आबालालांचा मोकळा उजेड आणि बाबूरावांचा हा कोवळा उजेड, या दोन वाटांवर कोल्हापूरची बहुतेक चित्रकला पुढे चालली.

बाबा गजबर, दत्तोबा दळवी, गणपतराव वडणगेकर अशी नावं त्या पुढच्या पिढ्यांत घेतली जातात. गजबरांचा हात निसर्गचित्रात असा होता की त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत सिनेनट चंद्रकांत मांढरेही होते. मांढरे (१९१३–२००१) हे कोल्हापुरी प्रकृतीचं चांगलं उदाहरण. सिनेमात राजबिंडा नायक, घरी आल्यावर ब्रश. जलरंग, तैलरंग आणि पावडर शेडिंग या तिन्हींत त्यांनी मनापासून काम केलं. राजारामपुरीतला आपला ‘निसर्ग’ बंगला चित्रांसकट त्यांनी शासनाला दिला आणि तिथे संग्रहालय झालं. नटाचं नाव पाहून आत शिरलेला माणूस पन्हाळा, जोतिबा, नद्यांचे घाट पाहत तासभर रेंगाळतो. कोल्हापुरात एका चित्रकाराचं काम एका जागी, नीट लावलेलं पाहायला मिळावं अशी ही दुर्मीळ जागा आहे, आणि ती चित्रकाराने स्वतःचं घर दिलं म्हणून झाली.

जी. कांबळे (१९१८–२००२) यांची वाट आणखी वेगळी. मुंबईत व्ही. शांतारामांच्या चित्रपटांसाठी आणि ‘मुघल-ए-आझम’साठी त्यांनी रंगवलेली पोस्टरं आणि बॅनर लोक रस्त्यात थांबून पाहत. महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेलं शिवाजी महाराजांचं चित्र त्यांचं आहे. राज्यभरातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत ते लागलं. लाखो लोकांच्या मनात शिवाजी महाराजांचा जो चेहरा आहे तो या चित्राने घडवला; त्यांतल्या फार थोड्यांना चित्रकाराचं नाव माहीत आहे.

कोल्हापूरच्या कलेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. १९४७ मध्ये मुंबईत चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाने चित्राची भाषाच बदलायला घेतली, तेव्हा कोल्हापूर व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांच्यापाशी थांबलं. मुंबई-बडोद्याचे समीक्षक म्हणूनच या परंपरेला गुणी पण जुनाट समजत आले. कारण मात्र केवळ वृत्तीत शोधून चालणार नाही. इथे चित्र विकत घेणारं दालन नव्हतं, परदेशी संग्राहक नव्हते. काम देणारे होते ते संस्थान, नाटक कंपनी, स्टुडिओ, नगरपालिका, साखर कारखाने, शाळा. त्यांना ओळखू येणारा चेहरा हवा होता, पेलून धरलेला घोडा हवा होता. ज्या कौशल्याला काम मिळतं ते वाढतं. आणि या कौशल्याला कमी लेखणंही बरोबर नाही: पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी चौकांतल्या पुतळ्यांची माती कोल्हापूरच्या कारखान्यात कालवली गेली आहे. मातीचं मूळ काम, प्लॅस्टरचा साचा, मेणाचा थर, धातूचं ओतकाम, शेवटचं घासकाम, एवढी सगळी साखळी एका गावात सांभाळणारी शहरं महाराष्ट्रात फारशी नाहीत.

अडचण आहे ती नक्कल करण्याच्या सवयीत. संध्यामठ, घाट, बैलगाडी, पन्हाळ्याचा बुरूज हे विषय इतक्या वेळा त्याच कोनातून आले आहेत की कित्येक चित्रांत आबालालांना दिसलेला उजेड उरलेला नाही, नुसता त्यांचा विषय उरला आहे. रंकाळ्याच्या काठी आज उंच इमारती आहेत, जलपर्णी आहे, चाट-भेळेच्या गाड्यांची रांग आहे. पंचगंगेचा महापूर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये शहरात शिरला. हे कोल्हापूर जलरंगात यायला हवं. काही तरुण चित्रकार ते करू पाहतात. त्यांना दाद आणि गिऱ्हाईक मिळणं जुन्या विषयांपेक्षा अवघड जातं.

आणखी एक उणीव डोळ्यांत भरते. या परंपरेची नावं कुणीही सांगायला बसलं तर स्त्रीचं नाव जवळजवळ येत नाही. पडदे रंगवणं, साचे उचलणं, स्टुडिओत रात्री जागणं, गुरूच्या कारखान्यात राहून शिकणं ही सगळी पुरुषांची जागा होती. आज इथल्या कलाशाळांत मुली मोठ्या संख्येने आहेत. पुढचा इतिहास वेगळा लिहिला जाईल, अशी शक्यता तिथे दिसते.

कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट या दोन संस्थांनी शिक्षणाचा भार उचलला आहे. शिकून बाहेर पडणारी मुलं कलाशिक्षक होतात, जाहिरातीत जातात, चित्रपटांच्या आणि मालिकांच्या कलाविभागात जातात, काही पुतळ्यांच्या कारखान्यांत. प्रदर्शनासाठी दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाचं दालन हाच मोठा आधार. शहराच्या आकाराला आणि बिरुदाला ते पुरेसं नाही.

या सगळ्यात सर्वांत जिवंत गोष्ट कोणती, तर ‘रंगबहार’ या संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’. जानेवारीत टाउन हॉलच्या बागेत चित्रकार झाडांखाली ईझल लावतात, शिल्पकार समोर बसलेल्या माणसाचं डोकं मातीत उभं करतात, आणि मंचावर गाणं चालू असतं. लोक घरच्यांना घेऊन येतात, मुलं शिल्पकाराच्या कोपरापाशी उभी राहून नाक कसं बसवतात ते पाहतात. ज्या शहरात कला कारखान्यात वाढली तिथे ती होताना पाहण्याची आवड लोकांना आहे, आणि या मैफलीने ती आवड टिकवून धरली आहे. बड्या शहरांतल्या थंडगार दालनांत इतके सामान्य प्रेक्षक क्वचितच दिसतात. शहाणपणाने वाढवावा असा हा उपक्रम आहे.

कारखान्यांची दुसरी बाजू कुंभार वाड्यांत दिसते. पापाची तिकटी, शाहूपुरी, बापट कॅम्प इथे गणपतीच्या आधी काही महिने पाय ठेवायला जागा नसते. शाडू की प्लॅस्टर ऑफ पॅरिस हा वाद इथे पोटाचा आहे. डोळे आखणारा हात, म्हणजे ज्याला आखणीची सगळ्यात जास्त मजुरी आणि मान मिळतो तो कारागीर, कलाशाळेत शिकलेला असेलच असं नाही. तरी त्याच्या रेषेची खात्री पाहून कलाशाळेतला विद्यार्थी थबकतो. इथली दुसरी कारागिरी म्हणजे कोल्हापुरी चप्पल. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५ मध्ये एका इटालियन फॅशन घराण्याने तसल्याच चपला मिलानमध्ये मिरवल्यावर देशभर गदारोळ झाला. या गावच्या कारागिरीची किंमत गावाबाहेर कळते, हे त्यातून दिसलं. कारागिराच्या घरात त्यातलं किती पोचलं, हा प्रश्न चपलेइतकाच चित्रांनाही लागू आहे.

आता नुकसानीकडे. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. नाटकांचे रंगवलेले पडदे फाटले, कुजले. बॅनर तर पुढच्या सिनेमासाठी पुसूनच टाकायचे असत. कारखान्यातलं काम वापरण्यासाठी असतं, ते जपायचं असतं हे कुणाच्या मनातच आलं नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीसाठी खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, कंपनी उरलेली नाही. जयप्रभा स्टुडिओची जागा विकली गेल्याचं २०२२ मध्ये उघड झालं तेव्हा कलावंत रस्त्यावर उतरले. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजेच शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगकर्मी राखेसमोर रडले. नाट्यगृह पुन्हा पूर्वीसारखं बांधायचं काम हाती घेतलं गेलं, याचं एक मोठं कारण लोकांचा हा आक्रोश होता.

चित्रांसाठी असा आक्रोश होत नाही, कारण ती एका रात्रीत जळत नाहीत. ती वारसांच्या माळ्यावर ओल खातात, शाळेच्या कार्यालयात उन्हाने विटतात, जीर्णोद्धाराच्या नावाखाली कुणी त्यांच्यावर नवे रंग चढवतं. ‘शिल्पकार चरित्रकोशा’च्या दृश्यकला खंडाने महाराष्ट्रातल्या चित्रकारांची चरित्रं एकत्र आणली, बागलांनी आपल्या काळातल्या कलावंतांविषयी लिहून ठेवलं, श्यामकांत जाधवांसारख्या चित्रकारांनी आठवणी जपल्या. माणसांबद्दल बरंच लिहून झालं आहे, चित्रांबद्दल फार कमी. आबालाल, बाबूराव, गजबर, दळवी, वडणगेकर, रवींद्र मेस्त्री यांचं कुठलं काम कुणाकडे आहे, कोणत्या माध्यमात, किती मापाचं, कोणत्या अवस्थेत, याची छायाचित्रांसह नोंद व्हायला हवी. टाउन हॉल संग्रहालय, मांढरे संग्रहालय, दोन्ही कलाशाळा आणि रंगबहार यांनी मिळून ठरवलं तर विद्यार्थ्यांच्या हातून हे काम होऊ शकतं. ज्यांनी या चित्रकारांना काम करताना पाहिलं ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे आणि कुठलं चित्र कुणाच्या घरी गेलं हे तिला अजून तोंडपाठ आहे.